पान्ह्यामागची कळ

अंगावर पाजताना दुखतं, असं बाळंतीण म्हणाली की घरात दोन उत्तरं तयार असतात. पहिलं बहुधा वडीलधाऱ्या बायकांकडून येतं: सगळ्यांचंच दुखतं, सोसायचं असतं, होईल सवय. दुसरं जरा नव्या वळणाचं. ते काळजीपोटी नवऱ्याकडून येतं, नाहीतर घाईत असलेल्या एखाद्या दवाखान्यातून: एवढा त्रास होतोय तर वरचं दूध सुरू करा. एक उत्तर सोसायला सांगतं, दुसरं सोडून द्यायला, त्यामुळे ती एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. प्रत्यक्षात दोन्ही उत्तरं एकाच समजुतीवर उभी आहेत. दुखणं हा पाजण्याचाच भाग आहे, असं दोन्हीकडे धरून चाललेलं असतं. वाद असतो तो फक्त ती किंमत मोजायची की नाही एवढ्यापुरता. बाळाने छाती कशी धरली आहे, दुखतं ते नेमकं कुठे आणि केव्हा, हे दोघांपैकी कुणीच पाहिलेलं नसतं. ही समजूतच चुकीची आहे असं मला वाटतं. पाजताना सतत दुखत असेल तर बहुतेक वेळा कुठेतरी काहीतरी बिघडलेलं असतं आणि तो बिघाड शोधता येतो, दुरुस्तही करता येतो. हे मान्य केलं तर पुढची गोष्टही मान्य करावी लागते. जो समाज आणि जी आरोग्यव्यवस्था बाईला अंगावर पाजायला सांगते, तिच्या दुखण्याची जबाबदारी त्यांच्याकडेही येते.

आधी दुखण्याचं यंत्रशास्त्र पाहू. नीट पिणाऱ्या बाळाच्या तोंडात नुसतं बोंड नसतं. बोंडाभोवतीच्या काळसर भागाचा मोठा हिस्साही आत गेलेला असतो. टाळूचा कडक भाग संपून मऊ भाग सुरू होतो, तिथपर्यंत बोंड पोचतं. तिथे ते सुरक्षित असतं, आणि जिभेचा दाब स्तनावर पडून दूध येतं. बाळाच्या तोंडात बोंडच तेवढं आलं, तर ते जीभ आणि कडक टाळू यांच्यामध्ये दर चोखण्याला चेपलं जातं. पिऊन झाल्यावर ते चपटं, तिरपं होऊन बाहेर येतं, आणि दोन-तीन दिवसांत टोकाला किंवा मुळाशी चिरा पडतात. अशा पकडीत दूधही नीट येत नाही. बाळ पोटभर न पिताच थकतं, लवकर रडून उठतं आणि पुन्हा त्याच दुखऱ्या जागी लागतं. म्हणजे ‘फार दुखतं’ आणि ‘दूध पुरत नाही’ या ज्या तक्रारी आपण वेगळ्या मानतो, त्या पुष्कळदा एकाच चुकीच्या पकडीतून निघालेल्या असतात. चांगल्या पकडीच्या खुणा साध्या आहेत. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली, काळसर भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसणारा; बाळाचं पोट आईच्या पोटाकडे, आणि कान, खांदा, कंबर एका रेषेत. पहिल्या काही दिवसांत सुरुवातीचे काही क्षण हुळहुळलं तर ते सर्रास होतं. पूर्ण वेळ कळ येत राहणं ही वेगळी गोष्ट आहे.

सगळी दुखणी पकडीतूनच येतात असं मात्र नाही, आणि ‘सोस’ किंवा ‘सोड’ ही दोन उत्तरं अपुरी पडतात ती इथेच. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास दूध उतरतं तेव्हा स्तन ताठरतात, काळसर भागही घट्ट होतो आणि बाळाला तो धरता येत नाही. इथे हाताने थोडं दूध काढून तेवढा भाग मऊ करून द्यावा लागतो. काही बायकांना बाळ पिऊन बाजूला झाल्यावर कळ येते. बोंड पांढरं पडतं, मग निळसर किंवा लाल होतं. रक्तवाहिन्या आखडल्याने हे होतं, थंडीने वाढतं आणि ऊब दिल्याने उतरतं. उलट, स्तनाच्या एका भागात सूज, लाली आणि गाठ असेल तर आजची वैद्यकीय शिफारस थंड शेकाची आहे. ताप येऊन हुडहुडी भरली, अंग मोडून आलं आणि चोवीस तासांत उतार पडला नाही, तर जंतुसंसर्ग गृहीत धरून डॉक्टरला दाखवणं आणि लागल्यास प्रतिजैविकं घेणं आवश्यक असतं. पू धरला तर सोनोग्राफी करून सुईने तो काढावा लागतो. आणि जी गाठ पाजूनही, उपचारांनीही जात नाही, ती दुधाचीच असणार असं म्हणून सोडून देता येत नाही. ती तपासून घ्यावीच लागते. बाईच्या तोंडी सगळीकडे शब्द एकच, ‘दुखतं’. मात्र एका ठिकाणी ऊब हवी, दुसरीकडे गारवा. एका ठिकाणी बाळाला धरण्याची पद्धत बदलायची, दुसरीकडे औषध घ्यायचं. ज्या तक्रारीचे उपाय इतके परस्परविरोधी असतात, तिला सगळ्यांसाठी एकच उत्तर देणं हा निष्काळजीपणा आहे.

गाठीचंच घ्या. दूध साकळलं, म्हणजे नळीत दह्यासारखं काहीतरी अडकलं, अशी समजूत फार जुनी आहे आणि तिच्यातून आलेला उपाय आपल्या चांगला परिचयाचा आहे: गरम शेका, जोर लावून चोळा, दूध पिळून काढून स्तन पूर्ण रिकामा करा. डॉक्टरही कमीअधिक फरकाने हेच सांगत आले. स्तनपान-वैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय अकादमीने २०२२ साली जी नवी मार्गदर्शिका काढली, तिने हा सल्ला बराचसा उलटवला. दुधाच्या नळ्या अतिशय बारीक असतात, एकमेकींत गुंतलेल्या असतात. गाठ येते ती बहुधा भोवतालच्या सुजेने त्या दबल्यामुळे. अशा वेळी जोराने रगडलं तर सूज आणि इजा वाढते. पंपाने किंवा हाताने पुन्हा पुन्हा रिकामं केलं तर शरीर तेवढं जास्त दूध तयार करतं आणि चक्र चालूच राहतं. म्हणून बाळाला हवं तेवढंच पाजा, गार शेक द्या, स्तनदा मातेला चालणारं सूज उतरवणारं औषध घ्या, चोळायचंच तर अगदी हलक्या हाताने, आणि पाजणं थांबवू नका, असा आजचा सल्ला आहे. पाजण्याआधी क्षणभर ऊब दिल्याने कुणाला बरं वाटत असेल तर त्याला कुणाची हरकत नाही. मुद्दा एवढाच की बाळंतिणीच्या खोलीत अधिकाराने सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीही तपासाव्या लागतात. त्या आजीने सांगितल्या असोत की पंधरा वर्षांपूर्वी शिकलेल्या डॉक्टरने.

सोसण्याच्या सल्ल्याला एक शारीरिक अडचणही आहे. दूध तयार होणं आणि ते बाहेर येणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिली मुख्यतः प्रोलॅक्टिनवर चालते, दुसरी ऑक्सिटोसिनवर, आणि पान्हा फुटतो तो या दुसऱ्यामुळे. वेदना, भीती आणि चिंता यांनी पान्हा अडखळतो. बाळ जवळ आलं की जिचे खांदे आक्रसतात आणि जी दात-ओठ खाते, तिच्या स्तनात दूध असूनही ते सहज उतरत नाही. म्हणजे तिने सोसलेली कळ तिच्यापुरती राहत नाही, बाळाच्या पोटापर्यंत पोचते. ज्या बाळासाठी सोसायला सांगितलं जातं, त्याचंच त्यात नुकसान होतं. सहनशीलतेची स्तुती करणाऱ्यांनी निदान एवढा हिशेब तरी करायला हवा.

आता व्यवस्थेकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, देशातली ७८.९ टक्के बाळंतपणं दवाखान्यांत झालेली आढळली. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ८८.६ टक्के. जन्मानंतर तासाभरात छातीला लावलेल्या बाळांचं प्रमाण याच काळात ४१.६ वरून ४१.८ टक्क्यांवर आलं, म्हणजे जागचं हललंच नाही. दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण जवळजवळ दहा टक्के-बिंदूंनी वाढलं, पण दवाखान्याला जे सहज जमायला हवं होतं ते काही वाढलं नाही. पाचव्या फेरीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली होती, आणि खासगी दवाखान्यांत तर ४७.४ टक्के. पोटावर टाके असलेल्या बाईला बाळ कुशीवर पडून किंवा काखेखाली धरून कसं पाजायचं, हे कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं. ते कुणाचं काम? स्त्रीरोगतज्ज्ञ गर्भाशय आणि टाके पाहतात, बालरोगतज्ज्ञ बाळाचं वजन आणि कावीळ पाहतात. स्तन या दोघांच्या मधोमध पडतो आणि पुष्कळदा कुणाच्याच वाट्याला येत नाही. त्यात वेळापत्रकाची भर. साध्या बाळंतपणानंतर अठ्ठेचाळीस तासांनी घरी सोडतात, आणि स्तन ताठरतात तिसऱ्या दिवसापासून पुढे. म्हणजे दवाखाना सुटल्यावर दुखणं सुरू होतं. या दोन फेऱ्यांदरम्यान सहा महिन्यांखालच्या निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांचं प्रमाण ५४.९ वरून ६३.७ टक्क्यांवर गेलं, ही खरोखर मोठी कमाई आहे. पण ती कमावताना किती बायकांनी काय सोसलं, याला त्या सर्वेक्षणाच्या मुख्य निर्देशांकांत रकाना नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आमच्या आज्यांनी कुठल्या तज्ज्ञाला विचारून पोरं पाजली? आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मुलीने स्वतः आई होण्याआधी आत्या, मावश्या, वहिन्या यांना कितीदा तरी पाजताना पाहिलेलं असे. बाळ कसं धरायचं ते तिला कुणी शिकवलं नसेल, पण ते तिच्या डोळ्यांखालून गेलेलं असे. पहिलटकरीण माहेरी येई, सव्वा महिना तिच्याभोवती अनुभवी बायका असत. आज दोन खोल्यांच्या घरात, पुण्यात असो वा परदेशात, पहिलं बाळ पाजणारी बाई पुष्कळदा आयुष्यात पहिल्यांदाच ते जवळून पाहत असते, आणि तेही स्वतःच्या छातीवर. आज्यांना तज्ज्ञ लागला नाही कारण तज्ज्ञ घरातच होते. आणि सगळं सुरळीत होतं हेही खरं नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात स्तनरोगांचा स्वतंत्र विचार आहे. ज्याचा त्रासच नव्हता त्याची अशी नोंद कुणी केली नसती. ज्यांचं जमलं नाही त्यांची बाळं गाईच्या-शेळीच्या दुधावर वाढली, किंवा वाढलीच नाहीत. घरोघरच्या आठवणीत उरल्या त्या जमलेल्यांच्या कथा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण त्यामागे पुरावा आहे. बोंड दुखण्यावरच्या उपचारांचा एक पद्धतशीर आढावा कॉक्रेन संस्थेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा की काहीही न लावणं किंवा स्वतःचंच दूध लावणं हे महागड्या मलमाइतकंच चालतं, आणि कुठलाही उपचार केला तरी बहुतेकींचं दुखणं सात ते दहा दिवसांत सौम्य होतं. मग एवढा गाजावाजा कशाला? या आढाव्यातला मलमांविषयीचा भाग मला पूर्ण मान्य आहे. बाजारातल्या डब्या आणि ट्यूब यांच्या नादी लागण्यात अर्थ नाही. नवजात बाळाच्या जिभेखालचा पडदा कापून घेण्याची जी लाट आली आहे तिच्याबाबतही सावध राहायला हवं. कॉक्रेनच्याच २०१७ च्या आढाव्यानुसार त्याने आईचं दुखणं काही काळ कमी होतं, पण बाळाच्या पिण्यात फरक पडतो असं खात्रीने सांगण्याइतका पुरावा मिळाला नाही. पण ‘दहा दिवसांत बरं होतं’ हा दिलासा बाळंतिणीच्या जागी उभं राहून मोजून पाहा. नवजात बाळ दिवसातून आठ ते बारा वेळा पितं. दहा दिवस म्हणजे सुमारे शंभर वेळा ती कळ. पाजणं चालू ठेवायचं की नाही याचा निर्णय बहुतेक घरांत याच दिवसांत होतो. शिवाय सरासरी ही सगळ्यांची असते. जिची पकडच चुकलेली आहे, तिचा अकरावा दिवस पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो. मलम निरुपयोगी ठरलं याचा अर्थ मदत निरुपयोगी आहे असा होत नाही. स्तनदा मातांना प्रशिक्षित व्यक्तींनी किंवा अनुभवी बायकांनी दिलेल्या आधाराचा परिणाम शंभराहून अधिक चाचण्यांतून पाहिला गेला आहे, आणि अशा आधाराने पाजणं लवकर सोडणाऱ्यांची संख्या घटते हे त्यातून पुढे आलं आहे.

तिसरा आक्षेप हितचिंतकांचा आहे. दुखण्याची एवढी चर्चा केली तर पोरी घाबरतील, आणि डबा विकणाऱ्या कंपन्यांचं फावेल. ही भीती निराधार नाही. आपल्याकडे १९९२ चा कायदा आणि त्यातली २००३ ची दुरुस्ती यांनी बाळाच्या डब्याच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात बंद केली ती उगीच नव्हे. पण डब्याला खरं गिऱ्हाईक जाहिरातीपेक्षा गैरसमजातून मिळतं. चिरा पडलेल्या, रात्री दोन वाजता रडणाऱ्या बाळाला घेऊन बसलेल्या बाईला कुणी आधी सांगितलेलं नसतं की हे होऊ शकतं आणि याला उपाय आहे. त्यामुळे ती स्वतःलाच दोष देते: माझंच काहीतरी कमी आहे, माझं दूधच पातळ आहे. अपुऱ्या दुधाची शंका घेण्यापूर्वी पाहायच्या गोष्टी सोप्या आहेत. बाळाचं वजन पहिल्या दिवसांत थोडं उतरून दोन आठवड्यांच्या आत पुन्हा जन्माइतकं झालं का, आणि पहिला आठवडा उलटल्यावर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लंगोट ओला होतो का. ज्या बाईला हे आणि दुखण्याची कारणं सातव्या-आठव्या महिन्यातच सांगितली जातात, ती घाबरण्यापेक्षा तयार होते. हसऱ्या आईचं भित्तिचित्र लावणं सोपं असतं, पण ते पाहून जिला आपल्या कण्हण्याची लाज वाटते ती मदत मागायला येत नाही.

चौथा आक्षेप उलट बाजूचा: पाजायचं की नाही हे त्या बाईचं तिने ठरवावं, तुम्ही तिच्या मागे का लागता? तिनेच ठरवावं, हे मला मान्य आहे. काही बायकांचं दूध खरंच अपुरं पडतं, काहींच्या शस्त्रक्रिया झालेल्या असतात, काहींची औषधं आड येतात, काही जणी सारं करून थकतात. त्यांनी वाटी-चमच्याने वरचं दूध दिलं तर त्यांचं आईपण उणं होत नाही, आणि त्यांना टोचून बोलण्याचा अधिकार कुणालाही नाही. दुसऱ्या आईचं दूधही मिळू शकतं. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव इथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, ती याच गरजेतून. पण जिला पाजायची इच्छा आहे आणि जी केवळ वेदनेने थांबते, तिच्या थांबण्याला स्वातंत्र्य म्हणता येईल का? दुरुस्त होणारा बिघाड दुरुस्त न करता पुढे केलेला पर्याय हा पर्याय नसतो. निवड खरी व्हायची असेल तर पाजणं आधी बिनदुखीचं करता यायला हवं.

बिघाड नेहमी बाळाच्या तोंडातच असतो असंही नाही. कित्येकदा तो कामाच्या जागी असतो. शेतावर, बांधकामावर, उसाच्या फडात दिवसभर राबणारी बाई बाळापासून तासन्‌तास दूर राहते, दूध दाटतं, गाठी येतात, ताप येतो. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन विश्रांतींची तरतूद केली, २०१७ च्या दुरुस्तीने रजा सव्वीस आठवड्यांची केली आणि पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केलं. रोजंदारीवरच्या बाईपर्यंत यातलं फार थोडं पोचलं. महाराष्ट्राने बसस्थानकांतल्या स्तनपानाच्या खोल्यांना हिरकणीचं नाव दिलं, ते योग्यच आहे. दूध घालायला रायगडावर गेलेली, दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्यासाठी कडा उतरलेली ती आई आपण धैर्याची मूर्ती म्हणून मुलांना सांगतो. पण त्या आख्यायिकेत सांगायची राहून गेलेली एक गोष्ट आहे. सकाळपासून न पाजलेल्या बाईची छाती संध्याकाळपर्यंत किती ठणकत असेल? बाळाची भूक आपल्या लक्षात राहिली, आईचा ठणका नाही. आणि धैर्याचा बुरूज बांधताना दरवाजा थोडा वेळ उघडा ठेवण्याचा प्रश्न मागेच पडला.

मग करायचं काय? बरीचशी चौकट आपल्याकडे तयार आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याची जी पद्धत उभी केली, तिच्यातून प्रेरणा घेऊन आशा सेविका आज दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटतात. तिसरा दिवस म्हणजे नेमका दूध दाटण्याचा. त्यांच्या प्रशिक्षणात दुखरी बोंडं आणि ताठरलेले स्तन हे विषय आहेतही. स्तनपानाच्या संवर्धनासाठी काम करणारं देशव्यापी जाळं १९९१ मध्ये आपल्याच वर्ध्यात जन्माला आलं. उणीव आहे ती त्या भेटीत पुरेसा वेळ मिळण्याची, आणि शहरी खासगी दवाखान्यांत अशी भेटच नसण्याची. घरी सोडण्यापूर्वी एका जाणत्या व्यक्तीने बाळाचं एक पूर्ण पाजणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहावं, पहिल्या आठवड्यात पुन्हा एकदा पाहावं, आणि बाळाच्या वजनाच्या शेजारी ‘पाजताना दुखतं का’ या प्रश्नाचं उत्तरही कागदावर लिहावं. याला यंत्रं लागत नाहीत, शिकलेली माणसं आणि अर्धा तास लागतो. आईचं दूध हा बाळाचा हक्क आहे असं आपण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दरवर्षी बजावून सांगतो. तो हक्क जिच्या शरीरातून पुरा होतो, तिला दुखलं तर दुरुस्त करणारं माणूस तिच्या हाताशी असणं हा तिचा हक्क आहे. पहिला हक्क सांगणाऱ्या प्रत्येकाकडे दुसऱ्याची थकबाकी आहे.